सहा सेंटीमीटरांत दिलेला शब्द

“कव्हर क्लिकसाठी असतं. क्लिक मिळाला की त्याचं काम संपलं.” गेल्या महिन्यात पुण्यात आम्हा छोटे गेम बनवणाऱ्या वीसेक जणांची बैठक झाली. तिथे एका अनुभवी सल्लागारांनी हे वाक्य फळ्यावर लिहिलं आणि त्याखाली जाड रेघ ओढली. पुढचा पाऊण तास ते त्या रेघेखाली एकेक कलम वाढवत गेले. मोठा चेहरा घ्या. डोळे बघणाऱ्याकडे हवेत, तोंड उघडं किंवा दात आवळलेले. मागे निळसर हिरवा अंधार, पुढे नारिंगी उजेड. पात्राच्या हातात शस्त्र नसेल तर जे असेल ते शस्त्रासारखं धरू द्या. चार नमुने जाहिरातीत फिरवा, ज्यावर जास्त बोटं पडतील तो ठेवा, बाकीचे फेकून द्या.

समोरच्या मुलामुलींनी हे भराभर उतरवून घेतलं. त्यांतल्या निम्म्यांनी नोकरी सोडली आहे, उरलेले नोकरी सांभाळून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत आपला गेम घडवत बसतात. चूक करून बघायला त्यांच्याकडे पैसे नाहीत. म्हणूनच मला गप्प बसवलं नाही. ते गृहस्थ अभ्यासू आहेत, तळमळीने बोलले, त्यांच्या हेतूबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण फळ्यावरचं ते वाक्य चुकीचं आहे.

त्यात खरं आहे तेवढं आधी मान्य करते. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान 2003 साली सुरू झालं. 2017 साली तिथली ग्रीनलाइटची मतदानाची पद्धत बंद झाली आणि 100 डॉलर भरले की कुणालाही आपला गेम मांडता येऊ लागला. 2024 या एका वर्षात तिथे 18 हजारांहून जास्त नवे गेम आले. म्हणजे रोज पन्नासच्या घरात. या गर्दीत तुमचं कव्हर दिसतं केवढं? स्टीमच्या याद्यांमध्ये आणि शोधात जे सगळ्यात लहान कव्हर दिसतं, ज्याला तिथे ‘स्मॉल कॅप्सूल’ म्हणतात, त्याचं माप 231 बाय 87 पिक्सेल. फाइल आता दुप्पट मापाची मागतात, पण डोळ्यांसमोर येते ती फार तर याच आकारात. मी माझ्या पडद्यावर पट्टी लावून पाहिलं: रुंदी सहा सेंटीमीटर, उंची सव्वादोन. काडेपेटीच्या लेबलालासुद्धा याहून जास्त जागा मिळते.

एवढ्या जागेत चित्राचं काय होतं ते एकदा पाहिलं की विसरता येत नाही. बैठकीतल्याच एकाने त्याचं कव्हर दाखवलं होतं. संध्याकाळचा किल्ला, बुरुजावर सात पात्रं, प्रत्येकाच्या अंगरख्याची घडी वेगळी, आकाशात वीज, खाली बारीक टोकदार अक्षरांत नाव. मोठ्या पडद्यावर देखणं होतं, त्याने दोन महिने राबून काढलेलं. ते आम्ही 231 पिक्सेलवर आणलं. सात पात्रांचे सात तीळ झाले. वीज म्हणजे पडद्यावर पडलेला ओरखडा वाटू लागली. नावाची अक्षरं एकमेकांत मिसळून त्यांची करडी पट्टी झाली. त्या मुलाचा चेहरा उतरला. “चांगला गेम आपोआप विकला जातो, कव्हर ही नुसती रंगरंगोटी” असं म्हणणाऱ्यांनी त्या क्षणी तिथे असायला हवं होतं. नजर थांबली पाहिजे, लहान आकारात आकृती ओळखू आली पाहिजे, नाव वाचता आलं पाहिजे, इथपर्यंत सल्लागार आणि मी एकाच वाटेवर आहोत.

वाट फुटते ती पुढे. नजर थांबवून तिला सांगायचं काय?

क्लिक म्हणजे दुकानात डोकावलेला माणूस. तो विकत घेईलच असं नाही, आणि घेतलं तरी ठेवीलच असंही नाही. स्टीमवर 2015 पासून नियम आहे: घेऊन 14 दिवस झाले नसतील आणि 2 तासांपेक्षा कमी खेळलं असेल, तर कुठल्याही कारणासाठी पैसे परत मागता येतात. हा नियम गिऱ्हाइकाच्या बाजूचा आहे आणि तो असलाच पाहिजे. पण आमच्यासारख्यांच्या गेममधलं खरं सोनं कित्येकदा दुसऱ्या-तिसऱ्या तासात असतं, आणि भलत्या आशेने आलेला माणूस पहिल्या वीस मिनिटांत उठतो. पैसे परत गेले, ठीक आहे. पण जाता जाता तो रिव्ह्यू लिहून जातो.

आता साधं गणित मांडते. स्टीमवर 10 रिव्ह्यू झाले की गेमच्या नावाखाली शेरा दिसू लागतो. चांगल्या रिव्ह्यूंचं प्रमाण 70 टक्क्यांच्या वर असेल तर ‘मोस्टली पॉझिटिव्ह’, निळ्या अक्षरांत. त्याखाली घसरलं की ‘मिक्स्ड’, तपकिरी अक्षरांत. समजा तुमच्या गेमला 40 रिव्ह्यू आहेत, 30 चांगले आणि 10 वाईट. 75 टक्के, निळा शेरा. त्यात चार नाराज माणसांची भर पडली. 44 पैकी 30, म्हणजे 68 टक्के. शेरा तपकिरी झाला. त्यानंतर येणारा प्रत्येक माणूस, ज्याला तुमचा गेम मनापासून आवडला असता तोही, आधी तो तपकिरी शब्द वाचतो. त्या चौघांना तुमचा गेम वाईट वाटला असंही नाही. ते दुसऱ्याच गेमसाठी आले होते, आणि त्यांना तसं सांगणारं तुमचं कव्हर होतं. सल्लागारांच्या तक्त्यात मात्र हे चौघेही यशाच्या रकान्यात आहेत, कारण त्यांनी क्लिक केलं होतं.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. तीन वर्षांपूर्वी दोन मित्रांच्या गेमचं कव्हर माझ्याकडे आलं. कोकणातली खाडी, वडिलांची होडी चालवणारी एक मुलगी. ओहोटीच्या आत लोकांना पलीकडे पोचवायचं, वल्हवता वल्हवता त्यांचं बोलणं ऐकायचं, कोण कुणाशी का बोलत नाही ते हळूहळू उमगत जातं. शांत गेम आहे. मी काढलं काय? मुलीचा अर्ध्या चौकटीएवढा चेहरा, भुवया ताणलेल्या, वल्हं भाल्यासारखं उगारलेलं, मागे उसळलेल्या लाटा. तेव्हा फळ्यावर कुणी लिहून दिलं नव्हतं, पण हेच सूत्र सगळीकडे कानावर पडत होतं आणि मी ते बरोबर पाळलं. लोक आले. पहिल्या आठवड्यात येणाऱ्यांचा आकडा पाहून आम्ही तिघे हरखून गेलो. दुसऱ्या आठवड्यात परतावे सुरू झाले. रिव्ह्यूंमध्ये पुन्हा पुन्हा एकच तक्रार: वादळ कुठे आहे, लढाई कधी सुरू होते. त्या तक्रारी रास्त होत्या. वादळाचा शब्द मी दिला होता, गेमने नाही.

दुसरं कव्हर काढायच्या आधी मी तो गेम पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळले, आणि या वेळी वही घेऊन बसले. हात काय करतो? वल्हवतो. डोळे काय करतात? पाणी किती उतरलं ते बघतात. कान काय करतात? मागे बसलेल्यांकडे लागलेले असतात. मग चित्र सुचायला वेळ लागला नाही. आडवी लांब होडी, नुसती काळी आकृती. त्यात बसलेल्या माणसांच्या डोक्यांची रांग, मधे एकच जागा रिकामी, एका टोकाला कंदील, दुसऱ्या टोकाला उभी मुलगी आणि तिचं सरळ उभं वल्हं. खालच्या पाण्यात फिक्या रंगात नाव. स्मॉल कॅप्सूल आडवी असते, होडीही आडवी, त्यामुळे ती तिथे घरच्यासारखी बसली. उभ्या कॅप्सूलला, जिचं प्रमाण 374 बाय 448 आहे, तेच चित्र कापून चाललं नाही. तिथे होडी आपल्याकडे येताना नव्याने काढावी लागली: वर कंदील, खाली पाण्यात त्याची लांब तिरीप. एक चित्र काढून पाच मापांत कापायचं ही सवय किती कव्हरं मारते ते मला तेव्हा कळलं. दर मापाला चित्र नव्याने रचावं लागतं.

नव्या कव्हरला पहिल्यापेक्षा कमी लोक आले. सल्लागारांच्या कसोटीत ते नापास झालं असतं. पण आले ते टिकले, परतावे जवळजवळ थांबले, आणि रिव्ह्यूंमध्ये लोक त्या रिकाम्या जागेबद्दल लिहू लागले. ती जागा कुणाची, हे गेमच्या शेवटी कळतं.

आता चेहऱ्याच्या नियमाकडे वळू. हा नियम आला कुठून? यूट्यूबच्या थंबनेलवरून. तिथे बघणाऱ्याचं जाणार ते फार तर दहा मिनिटं, आणि तीही फुकट. वैतागला तर पुढच्या व्हिडिओवर जातो, मागे काही उरत नाही. इथे तो पैसे मोजतो आणि आपल्या आठवड्यातल्या तीन-चार संध्याकाळी देतो. फुकट वस्तूच्या जाहिरातीचा नियम विकतच्या वस्तूला जसाच्या तसा लावला, इथेच घोळ झाला.

शिवाय नियम म्हणून तो टिकतही नाही. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या टीम चेरीचा ‘हॉलो नाइट’ 2017 सालचा. त्याचा नायक म्हणजे पांढरा मुखवटा, वर दोन शिंगं, डोळ्यांच्या जागी दोन काळी भोकं. तोंडच नाही, मग ते उघडं असणार कुठून? तरीही अंधारात चमकणारी ती दोन शिंगं सव्वादोन सेंटीमीटरात लख्ख ओळखू येतात, आणि आपण एका मुक्या, एकट्या जिवाला जमिनीखालच्या उद्ध्वस्त राज्यात फिरवणार आहोत हे सांगतात. मेलबर्नच्या हाउस हाउसचा ‘अनटायटल्ड गूज गेम’ 2019 सालचा. तिथे आहे एक पांढरा हंस. ना ज्वाळा, ना वीज, सपाट रंग. त्या ताणलेल्या मानेकडे बघूनच कळतं की हा पक्षी कुणाला तरी छळणार आहे, आणि गेममध्ये नेमकं तेवढंच करायचं असतं. ‘अंडरटेल’च्या नावाची पांढरी, ओबडधोबड पिक्सेलची अक्षरं आणि त्यांतलं तांबडं हृदय आठवा. ते हृदय म्हणजे लढाईत तुम्ही स्वतः असता.

हे गेम कव्हरमुळे विकले गेले असं मी म्हणत नाही. गाजलेल्या दहा गेमची कव्हरं समोर ठेवून त्यांतून सूत्र काढायचं, हीच चूक सल्लागारांनी केली. ती मी उलट्या दिशेने करणार नाही. माझा मुद्दा एवढाच की या तिन्ही कव्हरांनी आधी ‘आत काय करायचंय’ हे ठरवलं आणि मग चित्र शोधलं.

‘इको’चं उदाहरण मात्र सांगायलाच हवं, कारण ते माझ्याही विरुद्ध जातं. 2001 सालचा प्लेस्टेशन 2 वरचा हा गेम. जपान आणि युरोपातल्या डबीवरचं चित्र गेमचा कर्ता फुमितो उएदा याने स्वतः रंगवलं, इटालियन चित्रकार ज्योर्जिओ द किरिको याच्या चित्रांवरून सुचलेलं. ओसाड पटांगण, लांब सावल्या, प्रचंड कमानी आणि त्यात दोन इवलीशी माणसं. अमेरिकेत डबीवर दुसरंच चित्र गेलं: शिंगं असलेला मुलगा मोठा, पुढे उभा, सूत्राला धरून. आज वीसहून जास्त वर्षांनी लोकांच्या आठवणीत कुठलं चित्र आहे हे सांगायला नको. त्या दोन इवल्या माणसांत अख्खा गेम आहे, कारण अवाढव्य किल्ल्यात दोन लहान मुलांनी वाट काढायची हाच तो गेम. पण तेच चित्र आज स्मॉल कॅप्सूलमध्ये घातलं तर ती दोन माणसं दिसेनाशी होतील. म्हणून उएदाची नक्कल करून भागणार नाही. त्याने जे ठरवलं ते आपणही ठरवायचं आणि मग सहा सेंटीमीटरांत बसेल अशी आपली आकृती शोधायची.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो दमदार आहे. “मग कव्हर गेमसारखंच दिसलं पाहिजे का? आत पिक्सेलची बाहुली आणि बाहेर रंगवलेला योद्धा, ही फसवणूक का?” नाही. ‘शब्द पाळणं’ म्हणजे हुबेहूब दिसणं नव्हे. 1977 साली अटारीचं 2600 हे यंत्र आलं तेव्हा पडद्यावरचा रणगाडा म्हणजे काही चौकोन होते. त्याच्या डब्यांवर क्लिफ स्पोनसारख्या चित्रकारांनी धूर, धावपळ, विमानं, रणगाडे रंगवले. ‘कॉम्बॅट’ची डबी बघून घरी आलेल्या मुलाला चौकोन मिळाले, पण दोघांनी शेजारी बसून एकमेकांचे रणगाडे उडवायचे हेही मिळालं, आणि डबीने सांगितलं होतं ते हेच. त्या चित्राने चौकोनांना अंग दिलं. खेळणाऱ्याच्या मनात काय उमटावं ते चित्रकाराने काढून दाखवलं होतं. उलट 1987 च्या ‘मेगा मॅन’ची अमेरिकेतली डबी बघा: निळ्या-पिवळ्या पोशाखातला एक थोराड माणूस, हातात पिस्तूल. गेममधला नायक पोरसवदा, त्याचा हातच तोफ आहे, आणि हरवलेल्या शत्रूचं अस्त्र त्या हातात येतं हीच तर गेमची गंमत. पिस्तुलाने ती गंमतच पुसून टाकली. अटारीच्या डब्या पडद्यापासून ‘मेगा मॅन’हून कितीतरी दूर होत्या आणि तरी खऱ्या होत्या.

बैठकीत कुणीतरी दिवाळी अंकांचा दाखला दिला, आणि टाळ्याही मिळवल्या. मुखपृष्ठावर वर्षानुवर्षे हातात पणती घेतलेली सुंदर स्त्री, आत कथा, कविता, राशिभविष्य काहीही; अंक खपलेच ना? ज्यांच्या घरी दीनानाथ दलालांची किंवा रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठं जपून ठेवलेली आहेत त्यांना हा दाखला पटकन पटतो. माझ्या आजीच्या ट्रंकेतही होती. पण त्या मुखपृष्ठाने कुठल्या कथेचा शब्द दिलाच नव्हता. त्याने दिवाळीचा शब्द दिला होता: फराळाबरोबर वाचायचा, घरातल्या सगळ्यांच्या हातून फिरायचा, सणाचा अंक. तो शब्द आतल्या पानांनी पाळला. वाचकाला संपादकाचं नाव माहीत होतं, मासिक माहीत होतं, मागच्या वर्षीचा अंक कपाटात होता. रांजणगावच्या किंवा रत्नागिरीच्या एका अनोळखी मुलीच्या पहिल्या गेमपाशी यांतलं काही नसतं. तिची ओळख तीच, तेवढी सहा सेंटीमीटरांची.

आणि सगळ्यांनीच ओरडायचं ठरवलं की काय होतं, हे स्टीमवर एकदा होऊन गेलं आहे. कव्हरांवर बक्षिसांची पदकं, वर्तमानपत्रांचे तारे, ‘अमुक टक्के सूट’च्या चिकटपट्ट्या इतक्या वाढल्या की स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीला 1 सप्टेंबर 2022 पासून नियमच करावा लागला: कव्हरवर गेमचं चित्र, गेमचं नाव आणि असेल तर अधिकृत उपशीर्षक, बाकी काही नाही. प्रत्येक पदक वेगळं धरलं तर क्लिक वाढवणारं होतं. सगळी मिळून तो नुसता गलका झाला. आज पदकांची जागा आवळलेल्या दातांनी घेतली आहे. शंभर संतापलेल्या चेहऱ्यांच्या रांगेत एकशे एकावा चेहरा उठून दिसेल असं कसं मानायचं?

अक्षरांबद्दल थोडं बोलते, कारण आपल्याकडे त्यावर कुणी बोलत नाही. मराठी नाव देवनागरीत लावायची हौस अनेकांना आहे आणि मला तिचा अभिमान आहे. पण 87 पिक्सेलांच्या उंचीत देवनागरीचं दुखणं वेगळं. रोमन मोठी अक्षरं ती सगळी उंची अंगाने भरून काढतात. आपल्या ओळीला वर वेलांटी, मात्रा, रफार लागतो, खाली उकार आणि जोडाक्षराचा पाय. वर-खाली ही जागा सोडली की अक्षराच्या मूळ अंगाला निम्मी उंची उरते. वर शिरोरेषा जाड केली तर ‘घ’ आणि ‘ध’ सारखेच दिसतात. त्यामुळे नाव ठरवतानाच कागदावर लिहून बघा. ‘वाट’ किंवा ‘भरती’ बसतं. ‘दुर्गभ्रमंती’ दोन ओळी मागतं आणि तरी गुदमरतं. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर ते आधी अक्षरांवर घाला, चित्रावर नंतर. स्मॉल कॅप्सूलमध्ये नावानेच जवळजवळ सगळी जागा भरावी असं व्हॉल्व्हचंही सांगणं आहे, आणि ते योग्य आहे.

पैशांचा विषय निघालाच आहे. सल्लागारांनी शेवटी हेही सांगितलं की चित्रकाराला पैसे देण्यापेक्षा एआयच्या यंत्राकडून एका संध्याकाळी चाळीस कव्हरं काढून घ्या. असं चित्र वापरलं तर ते जाहीर करावं लागतं, जानेवारी 2024 पासून स्टीम तशी नोंद गेमच्या पानावर दाखवतं, हा झाला नियमाचा भाग. माझी खरी हरकत दुसरी आहे. यंत्र तुमचा गेम खेळलेलं नाही. त्याने पाहिली आहेत ती इतरांची कव्हरं, त्यामुळे ते देतं तीही इतरांच्याच कव्हरांची सरासरी. होडीतली रिकामी जागा त्या चाळिसांत कधीही आली नसती, कारण ती सापडायला गेम शेवटपर्यंत खेळावा लागतो. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांना मी कधीच दोष देणार नाही. पण काय काढायचं हे ठरवायला पैसे लागत नाहीत, आणि कव्हरचं निम्म्याहून जास्त काम तिथेच होतं. आणि ठरवलेलं चित्र दर वेळी शांतच असेल असं नाही: आपल्याच पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ 2020 मध्ये आला. तिथे लढती मुलगी कव्हरवर शोभते, कारण भावाला सोडवायला ती गेमभर लढतच असते. म्हणजे सूत्रातला योद्धाही खोटा नसतो, तो जिथला आहे तिथे असेल तर.

कव्हरचं काम क्लिकपाशी संपतं, या वाक्यावर शेवटचं. 2019 साली स्टीमने लायब्ररीचं रूप बदललं तेव्हापासून विकत घेतलेल्या गेमचं उभं कव्हर, 600 बाय 900 मापाचं, घेणाऱ्याच्या भिंतीवर कायम असतं. त्याने पैसे देऊन झालेले असतात. शुक्रवारी रात्री तो त्या भिंतीसमोर बसतो आणि आज कुठे जायचं ते ठरवतो. तिथे तुमचा संतापलेला चेहरा कुणाला ओढणार? तिथे त्याला आठवण हवी असते: या गेममध्ये कसलं वाटतं, हात काय करतात, कुठे थांबलो होतो. मला स्वतःला ते उभं कव्हर काढायला सगळ्यांत आवडतं, कारण तिथे आपण ओळखीच्या माणसाशी बोलत असतो.

बैठक संपल्यावर वहीत सगळी कलमं उतरवलेली एक मुलगी माझ्याजवळ आली. तिचा गेम पिठाच्या गिरणीचा आहे. दळणाचे डबे येतात, कुठला डबा कुणाचा ते लक्षात ठेवायचं, ज्वारीनंतर लगेच गहू टाकायचा नाही, म्हातारीला ताटकळत ठेवायचं नाही. कव्हर तिने सूत्राप्रमाणे तयार ठेवलं होतं: पिठाने माखलेली मुलगी, रागाने बघणारी, मागे ज्वाळांसारखं उडणारं पीठ. मी तिला विचारलं, गेममध्ये सगळ्यात जास्त वेळ तू कशाकडे बघतेस? ती जरा थांबून म्हणाली, “डब्यांच्या रांगेकडे.”

आम्ही बाहेर चहाच्या टपरीवर बसलो. वहीच्या पानातून सहा बाय सव्वादोन सेंटीमीटरच्या पट्ट्या कापल्या. एकीवर तिने पेन्सिलने डब्यांची रांग काढली, एकाला झाकण नाही, एकावर पिशवी ठेवलेली, आणि प्रत्येक डब्यावर खडूने लिहिल्यासारखं नावाचं एकेक अक्षर. दुसऱ्या पट्टीवर तिचा जुना चेहरा काढला. मग चहा देणाऱ्या पोराला एकेक पट्टी क्षणभर दाखवून लगेच उलटी ठेवली. कुठली आवडली, कुठल्यावर बोट ठेवशील, असं विचारलं नाही. दोन्ही वेळा एवढंच विचारलं, “हा गेम असेल तर यात तुला काय करावं लागेल?”

चेहऱ्याच्या पट्टीला तो म्हणाला, “कुणाला तरी मारायचं.” डब्यांच्या पट्टीला त्याने ग्लास खाली ठेवला. “गिरणी आहे. कुणाचं दळण आधी घ्यायचं ते बघायचं. त्या उघड्या डब्याचं आधी घ्या, नाहीतर त्यात पाखरं तोंड घालतील.”